बोटाला लागलेलं लाल

मच्छिंद्रला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा तो उभ्याउभ्याच प्यायचा. नगरजवळ सावेडीत त्याचं गॅरेज होतं आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि दुखणं सांगायचं, ही त्याची ख्याती. पण नव्व्याण्णव सालापर्यंत कॉम्प्युटरवाल्या गाड्या नगरात फिरू लागल्या, तशी त्याला धडकी भरली. त्यानं पाटीच बदलून घेतली, ‘येथे कॉम्प्युटरच्या गाड्यांची कामे होतील.’ काम शिकायच्या आधी पाटी, असा सगळा उतावळा कारभार!

पाटी वाचून पहिली आली ती रंगनाथ सरांची छोटी गाडी. सर शाळेत गणित शिकवायचे. गाडीचा टायमिंग बेल्ट ऑइलनं भिजला होता. हा बेल्ट खालच्या क्रँकला वरच्या कॅमशाफ्टशी बांधून ठेवतो. तो एक दात जरी पुढंमागं बसला, तरी इंजिनाचा ताल बिघडतो. कॅमच्या पुलीवर, म्हणजे त्याच्या दातेरी चाकावर, कंपनीची बारीक खूण असते, पण मच्छिंद्रचा भरवसा स्वतःच्या लाल ऑइलपेंटच्या ठिपक्यावर. ठिपका देऊन त्यानं जुना बेल्ट काढला. मध्येच खंडेनवमी आली. त्याच्या बायकोनं, भागीरथीनं, पाने, हातोडे, जॅक, सगळ्यांची पूजा केली. नवा बेल्ट दसरा झाल्यावर चढला आणि गाडी गेली.

चौथ्या दिवशी सर परत आले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला आणि गाडीला चढावर दम नाही. मच्छिंद्रनं भागीरथीच्या बांगडीतली सेफ्टी पिन घेतली, चाचणीच्या दोन तारा जोडल्या आणि दिव्याची उघडझाप मोजली. आधी चार, मग दोन. पुण्याहून आणलेल्या कोडच्या झेरॉक्सवर चार-दोनपुढं लिहिलं होतं, कॅमशाफ्टची जागा सांगणारा सेन्सर. त्यानं सेन्सर मागवून बसवला. दिवा विझला आणि गल्लीच्या टोकाला पुन्हा पेटला. पुन्हा चार, पुन्हा दोन!

“शनिवारपर्यंत बघ,” सर शांतपणे म्हणाले. “नाहीतर रविवारी पुण्याला नेतो.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. सर गेले की शाळेतल्या सगळ्या मास्तरांच्या गाड्या त्यांच्यामागं जाणार आणि पाटीचं हसं होणार. मच्छिंद्रनं सगळ्या वायरी तपासल्या, ताटावरून अर्धवट उठला, उगाच भागीरथीवर खेकसला.

शनिवारी सकाळी त्यानं झेरॉक्स भिरकावली आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

“सेन्सर बरोबर बोलतोय,” तो पुटपुटला. “ह्यो कॅमच मागं राह्यलाय.”

त्यानं कव्हर काढलं. लाल ठिपका जागच्या जागी होता. सहज अंगठा फिरवला, तर ठिपका अंगठ्यावर आला. ऑइलपेंट असा निघत नाही. फडक्यानं तेलकट पुली पुसली, तेव्हा एका दाताच्या अंतरावर दुसरा ठिपका दिसला. तो काही केल्या निघेना. नवमीला इंजिन उघडं होतं आणि पूजेचं बोट त्यालाही लागलं होतं. मच्छिंद्रनं बेल्ट बसवला होता तो कुंकवावर!

बेल्ट नीट बसवून होतोय तोच सर दारात आले. मागं भागीरथी चहा घेऊन उभी.

“काय निघालं?” सरांनी विचारलं.

‘नवा सेन्सरबी खराब निघाला,’ हे उत्तर अगदी जिभेवर होतं. सरांना ते खरं वाटलंही असतं.

“माझी चूक, सर. बेल्ट एक दात चुकवला. कंपनीची खूण बघितलीच न्हाई. जुना सेन्सर तुमचा चांगलाच हुता.”

सरांनी गाडी चालू केली, एक चक्कर मारून आले. दिवा विझलेलाच होता. “बरं,” एवढंच म्हणून ते निघून गेले. मच्छिंद्रला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक.

भागीरथी त्याच्या अंगठ्याकडं बघत होती. “कुंकू हाय ते. मीच लावलं हुतं. सरांना सांगितलं का न्हाई?”

“तू तुझं काम केलं. मी माझं केलं न्हाई.”

पुढच्या खंडेनवमीला गॅरेजात दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या, दोन्ही सरांनी पाठवलेल्या. भागीरथी ताट घेऊन उंबऱ्यातच अडखळली.

“आत काय उघडं हाय का?”

“हाय,” मच्छिंद्र म्हणाला. आणि तो चक्क स्टुलावर बसून चहा पीत होता. “लाव तू. मी बघून घेईन.”