बॉनेटचा आवाज

माझी वहिनी गाडी चालवायला शिकवते. चौदा वर्षांत शेकडो बायका तिच्या हाताखालून गेल्या, पण गाडीवर साधा ओरखडा नाही. मी तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. पन्नाशीत मला गाडी शिकायची हुक्की आली आणि मी तिच्याच गळ्यात पडले.

रोज निघण्याआधी तिचं ठरलेलं. टायर बघायचे, गाडीखाली वाकून डाग बघायचा, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघायची, मग वहीत खूण. मला वैताग यायचा.

"अगं, गाडी आहे की तान्हं बाळ?"

"बाळ निदान रडून सांगतं, वन्सं. ही सांगत नाही."

त्या मंगळवारी आधीच उशीर झाला होता. वहिनी दारातच फोनवर अडकली. वही माझ्या हातात देऊन तिने खुणेनेच सांगितलं, तुम्ही बघून घ्या. मी कसलं बघतेय! बॉनेटला हातही न लावता वहीत खूण केली आणि ओरडले, "बघितलं गं सगळं! चल आता!"

ती क्षणभर थबकली. मग शेजारी येऊन बसली.

दवाखान्यापुढच्या उतारावर मी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, तेच. खाली बसथांब्यावर माणसांची रांग, आणि अलीकडे एक आजोबा काठी टेकत रस्त्यात उतरत होते.

"वहिनी, ब्रेक लागत नाहीये!"

तिने तिच्या बाजूचा जादा ब्रेक दाबला. दोन्हींना तेल एकाच डबीतून, तोही गेलेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आवाज मात्र हलला नाही.

"हॉर्न वाजवत राहा. क्लच दाबा. सोडा." तिने तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला. गाडी गुरगुरली. "पुन्हा दाबा. सोडा!" पहिला. मग एका हाताने हँडब्रेक थोडा थोडा ओढत दुसऱ्याने तिने स्टीअरिंग कडेला वळवलं. चाकं पदपथाला करकरत घासली आणि गाडी थांबली. बंपर आणि काठी यांच्यात वीतभर अंतर होतं.

"हॉर्न कसले वाजवता? मी काय बहिरा आहे?" आजोबा खेकसले आणि चालू लागले.

वहिनीने फोन करून मेकॅनिकला बोलावलं. त्याने येऊन बॉनेट उघडलं. डबी कोरडी ठणठणीत.

"रात्रीतून गळालंय सगळं. आज बघितलं नव्हतं का?"

"माझं राहिलं," वहिनी म्हणाली आणि तिने वही मिटली.

मेकॅनिक गाडीखाली शिरताच मी म्हणाले, "खोटं कशाला बोललीस? खूण माझी आहे. मी उघडलंच नव्हतं."

"माहीत आहे. आपलं बॉनेट आपटल्याशिवाय लागत नाही. मला आवाज आलाच नव्हता."

"मग निघालीस कशाला, बाई!"

ती बसथांब्याकडे बघत राहिली. आजोबा तिथे रांगेत उभे होते.

"तुम्ही मोठ्या नणंद. तुम्हाला खोटं कसं पाडायचं, म्हणून गप्प बसले."

तिच्यावर ओरडावं की तिला पोटाशी धरावं, मला कळेना. मी तिचा हात घट्ट धरला.

"यापुढे पाड," मी म्हणाले. "चारचौघांत पाड."