नानांची पट्टी

नागपूरहून निघालेली गाडी नाशिकरोडला उशिराच पोचली. रात्रभर वरच्या बर्थवर पंख्याची घरघर ऐकत पडले होते. डोळे चुरचुरत होते आणि मान एका बाजूला वळत नव्हती. माहेरी येणाऱ्या मुलीत जो उत्साह असावा लागतो, तो माझ्यात औषधालाही उरला नव्हता.

सातपूरला पोचले तर नाना, म्हणजे माझे वडील, इस्त्रीचा सदरा घालून तयार. त्यांचं आयुष्य कारखान्यात गेलं, पण जीव भजनात. शिफ्ट संपवून आले की पेटी काढत, आणि मी दप्तर टाकून समोर बसे. त्यांनी म्हणायचं, मी वाजवायचं. आम्हा बापलेकीचं बरंचसं बोलणं असंच झालं. गेल्या वर्षी फुप्फुसाच्या दुखण्यातून उठल्यापासून मात्र ते गायलेच नव्हते. आता त्यांच्या गावाहून, सायखेड्याहून, भजनाचं बोलावणं आलं होतं. तू पेटीवर असलीस तरच जातो, असं ते फोनवर म्हणाले, म्हणून तर मी आले.

चहा घेऊन लगेच निघालो. एसटीत खिडकीची काच अर्धीच वर जात होती, त्यामुळे रस्त्याची धूळ थेट तोंडावर. बाहेर कागदात गुंडाळलेल्या घडांचे द्राक्षमळे, मध्येच कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. तिच्यामागे आमची बस रखडत चाललेली. नाना सारखे खाकरून घसा साफ करत होते. चांदोरीपाशी ते एकदम म्हणाले, "ताई, आज आवाज नाही लागला, तर मी परत कधी म्हणणार नाही. लोकांना कीव यायला नको."

मी अडकलेली काच वर ओढत राहिले. खोटा धीर द्यायलाही अंगात जोर लागतो.

पूल ओलांडला तेव्हा गोदावरी पाण्यावर पसरलेल्या हिरव्या पाणवेलीखाली अर्धी झाकलेली दिसली. गावात नानांचे बालमित्र निवृत्तीअण्णा यांच्याकडे जेवण होतं. बाजरीची भाकरी, वांग्याची झणझणीत भाजी आणि कांदा. मी भुकेनं जेवले. नानांनी भाकरी नुसती कुस्करली.

देवळात सतरंजीवर टाळकरी जमले होते. पखवाज अण्णांकडे. गाणाऱ्याला सूर विचारून मग पखवाज लावायचा, ही सगळीकडची पद्धत. पण या मंडळात जुन्या माणसाला विचारायचं नसतं. त्याची पट्टी गावानं लक्षात ठेवायची, हाच त्याचा मान. अण्णा अभिमानानं म्हणाले, "नाना, तुमची पांढरी पाच लावून ठेवलीये. सकाळधरनं बसलोय तिच्यामागं." पांढरी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, चांगला उंच सूर. मी नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली, आणि मी तोच सूर धरला.

पहिली ओळ निभावली. अंतऱ्याला वर चढताना आवाज चिरकला आणि पाठोपाठ खोकला. टाळकऱ्यांनी लगेच ओळ उचलून धरली, पण सगळ्यांच्या नजरा खाली. मला वाटलं, संपलं. आपण नागपूरलाच थांबायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

नाना पाणी प्यायले. माझ्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, पांढरी तीन धर."

अण्णांनी हातोडी घेतली आणि सकाळी ताणलेला पखवाज सगळ्यांसमोर उतरवायला लागले. ठक, ठक. सगळ्यांनी टाळ मांडीवर ठेवले. नाना ताठ बसून होते. रडू येत होतं ते मलाच.

पुन्हा सुरुवात झाली. या खालच्या सुरात नानांचा आवाज जाडसर, थकलेला, पण सरळ लागला. पंचाईत झाली टाळकऱ्यांची. इतक्या वर्षांची सवय; ओळ त्यांच्याकडे गेली की सगळे बिनदिक्कत पांढरी पाचवर जाऊन पोचायचे. नाना तळहातानं त्यांना खाली दाबायचे, ते ओशाळून उतरायचे आणि पुढच्या ओळीला परत वर. अण्णा पुटपुटले, "लय वर्षांची खोड हाय, लवकर जायाची नाय." नानांना गाता गाता हसू फुटलं. मलाही. अभंग मात्र त्यांनी शेवटापर्यंत नेला.

परतीच्या बसमध्ये उभ्यानंच यावं लागलं. पुढे एक सीट मिळाली, तिच्यावर नानांना बसवलं. माझे पाय दुखत होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी, तोच बर्थ. इतक्या लांबून माणूस येतो, त्यातला फार थोडा वेळ हाती लागतो. बाकी सगळी दगदग. तरीही मला बरं वाटत होतं.

नाना डोळे मिटून होते. झोपले असतील असं वाटलं, तर त्यांनी माझी ओढणी हलकेच ओढली.

"तीनसुद्धा जरा चढीच होती," ते म्हणाले. "पुढच्या वेळी आणखी खाली, काळी दोनमध्ये बघू."