वाल्मिक सरांचं उघडं वायफाय

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर वाल्मिक सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. तालुक्यातल्या निम्म्या पोरापोरींनी तिथं घोकंपट्टी केलेली. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, एन्क्रिप्शन म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून मजकुराला घातलेलं कुलूप. सर अगदी छातीठोक शिकवायचे. आणि त्यांचं स्वतःचं वायफाय? सताड उघडं!

ही २००९ सालची गोष्ट. बायको संध्या सांगून थकली, अहो, पासवर्ड घाला. सर ऐकतील तर शपथ. त्यांच्या आज्याला गावच्या विहिरीवरून हाकललेलं, तेव्हा आपण कुणाला अडवायचं नाय, अशी त्यांनी मनाशी गाठच मारलेली. स्टँडवर गाडीची वाट बघणारा कुणीही लॅपटॉप उघडून फुकट जोडून घ्यायचा आणि सरांना त्याचा कोण आनंद!

एक दिवस भर क्लासात पोलीस आले. सरांची विद्यार्थिनी भूमिका, तिच्या नावानं कुणीतरी एका साइटवर खोटं खातं उघडलं होतं. तिचा फोटो, तिचा मोबाइल नंबर आणि खाली नाय नाय ते लिहिलेलं. आयपी अ‍ॅड्रेस निघाला सरांचा. सरांच्या पायाखालची जमीनच सरकली. लेकीसारखी पोर, तिला आता तोंड कसं दाखवायचं?

पोलीस ठाण्यात फौजदार साहेबांनी शांतपणे विचारलं, एन्क्रिप्शन म्हणजे काय. सरांनी धडाधडा सांगितलं.

"मग तुमच्याकडं का नाय?"

सर विहिरीची गोष्ट सांगायला गेले, पण त्या खुर्चीत बसून ती त्यांची त्यांनाच पटेना.

घरी आले तर संध्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि खाली बघत विचारलं, "तुमी नाय ना केलंत?"

आता बोला! इतक्या वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न. पोलिसांनी नेलं तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का सरांना आत्ता बसला. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत.

पुढं खरा माणूस सापडला. भूमिकाला मागणी घालून नकार ऐकलेला टोकावड्याचा एक जण. स्टँडवर बसून त्यानं हा उद्योग केला, मग अतिशहाणा घरच्या कनेक्शनवरून त्याच खात्यात शिरायला गेला आणि आयता अडकला. सरांच्या छातीवरची धोंड उतरली. वायफायला पासवर्ड त्यांनी कधीच घातला होता. ते तडक भूमिकाच्या घरी गेले, कारण ती क्लासला यायची बंद झाली होती.

ओटीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. माणूस धरला, खातं बंद झालं, माझ्यावरचा आळ गेला. भूमिका मान खाली घालून ऐकत होती. तिच्या शेजारी मोबाइल वाजत होता, ती तो उचलत नव्हती.

"तुमी सुटलात, बरं झालं सर," ती म्हणाली. "माझा नंबर सगळीकडं गेलाय. मला अजून फोन येतात."