नाचाच्या वर्गातला अवसर

माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग चहा घ्या, पाव बुडवा, आणि हसायचं ते शेवटी हसा.

माणूस एकटं पडलं की काय काय करतं, काय सांगू! आमचे हे गेले, मुलगा सुदेश इंग्लंडला गेला, आणि पेडण्यातल्या कोरगावच्या एवढ्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. सकाळी पोदेर पाव घेऊन येतो. त्याच्याशी दोन शब्द बोलले की माझं दिवसाचं बोलणं संपलं.

अशात शेजारचं घर भाड्यानं घेऊन मीरा नावाच्या पुण्याच्या मुलीनं नाचाचा वर्ग काढला. "काकी, तुम्ही पण या," म्हणाली. मी तिच्याआधी तयार! नाच नाही आला तरी माणसं तर दिसतील.

तिनं आधी नियम सांगितले. चपला बाहेर, फोन बाहेर. पोटभर जेवून यायचं नाही, पिऊन तर नाहीच. आत बोलायचं नाही. विचारल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, आणि अंग जसं हलेल तसं हलू द्यायचं. मी म्हटलं, ह्यात नवं काय? हे तर आमच्या देवळातलेच नियम! मी आंघोळ करून, अबोली माळून गेले.

ढोलाचं संगीत लागलं. नचिकेत म्हणून एक मुलगा होता, कंप्युटरवर काम करणारा, स्वभावानं अगदी गरीब. तो एकदम घुमायलाच लागला. मान गरगर, अंग थरथर, डोळे मिटलेले. बाकीचे मागे सरले, त्याला जागा करून दिली.

आता तुम्हीच सांगा, पेडण्यात जन्म काढलेल्या बाईला काय वाटणार? अंगात अवसर आला, देव संचारला की लोक असेच मागे सरतात, आणि ज्याचं काही अडलंय तो हात जोडून देवाला विचारायला पुढे होतो. माझं अडलेलं होतंच. सुदेश चवथीला, गणपतीसाठी येणार की नाही, ते काही सांगत नव्हता.

गेले पुढे. पदर सावरला, हात जोडले आणि त्या गप्प उभ्या मंडळींत खणखणीत विचारलं, "देवा, माझो झील चवथीक येतलो मां?"

नचिकेत थांबला. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला. बोलायची तर बंदी! शेवटी त्यानं हळूच मान हलवली. होकाराची.

झाला ना कौल! मी वाडाभर सांगत सुटले. खोली झाडली, चादरी धुतल्या. सुदेश फोनवर म्हणाला, रजा नाही. मी ठणकावलं, "देवान कौल दिल्यान. तू येतलंस." त्यानं विषयच बदलला. देवापुढे काय बोलणार बिचारा?

पुढच्या वर्गाला मी नचिकेतसाठी नारळ घेऊन गेले. त्याचा चेहराच उतरला. दाराबाहेर येऊन म्हणाला, "काकी, मी देव नाही हो. आत बोलता येत नव्हतं, आणि तुमच्याकडे बघून नाही म्हणवेना."

लाज वाटली, हसू आलं, पण त्याआधी रडू आलं. मग म्हटलं, "खोटा कौल दिलास ना? आता चवथीला नेवऱ्या तूच येऊन खा."

चवथीला सुदेश फोनच्या पडद्यावरून आरतीला उभा राहिला, आणि नचिकेत खराखुरा दारात. आरती रंगली तसे त्यानं डोळे मिटले, मान डोलायला लागली. शेजारची शेवंती मुलीच्या लग्नाचं विचारायला हात जोडून उठलीच! मी तिला मागे ओढलं. "इचारू नको गो, तो नुसतो नाचता." वर तिला सगळे नियमही ऐकवले. मोठी शहाणी मी!

सगळे गेले. नचिकेत पडवीत चपला घालत होता. घर पुन्हा गप्प व्हायला लागलं, आणि माझ्या तोंडून गेलंच, "देवा, पुढच्या चवथीक येतलंस मां?"

आता बोलायला बंदी नव्हती. तरी त्यानं मानच हलवली.

आणि मी खुळी, दुसऱ्या दिवशी चादरी धुवायला काढल्या.