किनारा कुणाच्या बापाचा नाही

माझ्या सासूबाईंना समुद्रावरून हाकललं, हे मला आमच्या लंडनमधल्या, ईलिंगच्या स्वयंपाकघरात कळलं. तेही त्या मॉरिशसहून परत येऊन बरेच दिवस झाल्यावर. एरवी तिकडून आल्या की त्यांची टकळी महिनाभर थांबत नाही. कुणाकडे काय शिजलं इथपासून कुणाच्या सुनेनं केस कापले इथपर्यंत सगळं ऐकावं लागतं. या वेळी मात्र गप्प. शेवटी मीच विचारलं, "आई, यंदा किनाऱ्यावर जेवायला गेला नाहीत का? एकही फोटो नाही."

"गेले होते," त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "उठवलं."

सासूबाई मॉरिशसच्या मराठी. त्यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला गेले आणि तिथलेच झाले. बाईंचं मराठी आजीच्या तोंडून आलेलं, त्यात मध्येच तिथली क्रेओल बोली घुसते. तरी मी अस्सल पुण्याची असून माझ्या मराठीतल्या इंग्रजीला नावं त्याच ठेवतात. त्यांच्या गावासमोर किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. रविवारी अख्खं गाव तिथे पातेली घेऊन जेवायला बसायचं. मग मागच्या जागेवर हॉटेल आलं. सासूबाईंनी त्याच हॉटेलात वर्षानुवर्षं खोल्या आवरल्या, चादरी बदलल्या आणि त्या पगारावर माझ्या नवऱ्याला इंग्लंडला शिकायला पाठवलं. सुट्टी असली की पुन्हा त्याच झाडांखाली.

आता त्या आमच्याकडे राहतात, पण दरवर्षी तिकडे एक फेरी असतेच. यंदा त्या बहिणीबरोबर डाळपुऱ्या घेऊन तिथे बसल्या, तर हॉटेलचा गार्ड आला. म्हणाला, पाहुण्यांना समोर मोकळं दिसायला हवं, तुम्ही पलीकडे जा. पलीकडे नुसते खडक. त्यांनी मुकाट्यानं पातेलं झाकलं आणि घरी गेल्या.

"आता नाही जायची मी तिथे," त्या म्हणाल्या. "इथेच बरी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर ज्या बाईनं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात "तुझं वरण पांचट असतं" असं तोंडावर सांगितलं, ती कुणाच्या सांगण्यावरून उठते, हेच मला सहन होईना. आणि दुसरं म्हणजे, मी इथून जवळच्या स्लाऊ गावातल्या ज्या कंपनीत काम करते ती बेटांवरच्या सुट्ट्याच विकते. वेबसाइटवरची हॉटेलांची पानं तपासणं हे माझं काम. ते हॉटेल आमच्याकडे होतं, आणि नुकतंच त्यांनी पाठवलेल्या नव्या मजकुरात दिमाखात लिहिलेलं होतं: प्रायव्हेट बीच.

कसला प्रायव्हेट? तिथल्या कायद्यानं हॉटेलची हद्द भरतीच्या रेषेपाशी संपते. त्यापुढचा किनारा सगळ्यांचा. हे हॉटेलला माहीत आहे, गार्डला माहीत आहे, सासूबाईंनाही माहीत आहे. माहीत असून उठावं लागतं, राग त्याचाच जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोहोचल्याबरोबर मी ते शब्द उडवले. त्या जागी लिहिलं: 'समोरचा किनारा सार्वजनिक आहे. रविवारी गावातली कुटुंबं इथे जेवायला येतात.' दुपारी मॅनेजरनं बोलावलं. बाई गोड आहे, आवाज कधी चढवत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडायचं म्हणजे जास्तच दमायला होतं.

"हॉटेलवाले नाराज आहेत," ती म्हणाली. "लोक शांततेसाठी पैसे मोजतात. आणि ते सगळं बेट टुरिस्टांवर जगतं. ते यायचे थांबले तर तुझ्याच सासरच्या माणसांची कामं जातील. निदान तुला तरी हे समजायला हवं."

मला समजत नाही होय? कोविडच्या साथीत विमानं बंद झाली तेव्हा माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ, टुरिस्ट फिरवणारा टॅक्सीवाला, गाडीवर ताडपत्री टाकून अंगणात वांगी लावत होता. टुरिस्ट हवेत, हे आमच्या घरात कुणी शिकवायची गरज नाही. पण पाहुणे आले म्हणून घरच्यांनी मोरीत जाऊन बसायचं का? मी तिला हेच विचारलं. मोरीसाठी इंग्रजीत सुचला तो शब्द वापरला. आणि म्हटलं, ते दोन शब्द मी परत घालणार नाही, दुसऱ्या कुणाकडून घालून घे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. "अगं, कशाला अंगावर ओढून घेतेस?" तो म्हणाला. "दोनच तर शब्द आहेत."

"त्याच दोन शब्दांनी तुझ्या आईला उठवलं."

सासूबाई दारातून ऐकत होत्या. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. छे, उलट माझ्यावरच उखडल्या. "तुला कुणी सांगितलं होतं हे? माझी भाची त्या हॉटेलात कामाला आहे. तिला काढलं म्हणजे?"

"आणि तुम्ही काय चोरी करत होतात? जेवत होतात ना?"

त्या तडक खोलीत गेल्या. दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पुढे प्रकरण वर गेलं, कंपनीच्या वकिलांनी ते पान वाचलं आणि प्रायव्हेट लिहिता येणार नाही, असं सांगितलं. ते दोन शब्द गेले ते गेलेच. माझं गावातल्या कुटुंबांचं वाक्यही गेलं. आता तिथे नुसतं 'समुद्रालगत' एवढंच आहे. ते हॉटेल माझ्याकडून काढून घेतलं, आणि माझ्या ठरत आलेल्या बढतीचा विषयही पुन्हा कुणी काढला नाही. हल्ली माझ्याकडे स्कॉटलंडची बेटं आहेत. तिथेही कुणी किनारा अडवून दाखवावा. भाचीची नोकरी मात्र शाबूत राहिली.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मग एका सकाळी चहा पिता पिता नवऱ्याला म्हणाल्या, "माझं तिकीट काढ." बॅग भरताना त्यांनी तळाशी एक नवी कोरी, भली मोठी लाल चादर ठेवली.

"आई, तिकडे काय चादरी मिळत नाहीत?"

"जन्मभर त्यांच्या चादरी घातल्या," त्या म्हणाल्या. "आता माझी घालते."

पुढच्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ती लाल चादर झाडाखाली, हॉटेलच्या बरोब्बर समोर पसरलेली. बहीण, सुट्टी असलेली भाची, आणखी दोन घरची माणसं आणि मधोमध पातेलं. मागे गार्ड उभा होता, चांगला मिशीवाला बाप्या, गावातलाच. तो वाकून हळू आवाजात क्रेओलमध्ये काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतो, आजी, मॅनेजरसाहेब बघतायत."

"मग?"

"मग बघू दे की. जागा आहे, त्यांनाही जेवायला बोलाव म्हटलं." त्यांनी डाळपुरी दुमडून गार्डच्या हातात कोंबली आणि फोन चादरीवर पालथा टाकला. स्क्रीनवर काळोख झाला. आम्ही दोघं चहा हातात धरून ऐकत राहिलो. लाटा ऐकू येत होत्या, आणि त्यांच्यावरून सासूबाईंचा आवाज: "बस इथे. उभ्यानं खाऊ नये."