इंदूबाईच्या हातचा गिलास

"मले काहून विचारून राह्यला तू? मी पानीवाली बाई. मले पान्याचं विचार."

"मावशी, मजाक नोको करू ना. भाएर पाह्य, ट्रॅक्टरची लाईन कुठवर गेली ते!"

"गेली तं गेली. म्या लावली का लाईन?"

"अवं, प्रिंटरच दिसून नाई राह्यला बाकीच्या कोन्या मशिनीवर. काल तं मस्त चालू होता."

"मंग त्याले हाक मार. नाव घेऊन बलाव. येईन."

एवढं बोलून इंदूबाईनं पाण्याची कॅन कमरेवर घेतली आणि क्षितिजच्या पायाला धक्का लागेल अशी त्याच्या खुर्चीजवळून नेली. खुर्ची तिचीच होती. गादीला पडलेला खड्डा तिच्या बसण्याचा होता. त्यात हे पंचवीस वर्षांचं पोट्टं नीट बसत नव्हतं, सारखं इकडून तिकडे सरकत होतं. इंदूबाई रोज ते पाहायची आणि मनात म्हणायची, सरक बाप्पा, सरक.

बाभुळगावच्या शिवेवर शेतमाल खरेदीचं हे केंद्र. मोठा पत्र्याचा शेड, त्यासमोर ट्रॅक्टर तोलायचा काटा आणि बाजूला तीन खोल्यांचं ऑफिस. दसरा झाला की सोयाबीन यायला लागतं. मग दिवाळीपर्यंत तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. गाडी काट्यावर चढली की वजन ऑफिसात येतं, पावती छापून निघते, ती खिडकीतून शेतकऱ्याच्या हाती पडली की गाडी आत. हातानं लिहिलेली पावती चालत नाही, वरून तसा हुकूम आहे. म्हणजे प्रिंटर बसला की काटा बसला, आणि काटा बसला की गाव उठलं.

ऑफिसात कॉम्प्युटर चार आणि प्रिंटर एक. तोही म्हातारा. नव्या मशीनला त्याची तार जोडली तर ती त्याला ओळख देत नसे. तो ऐकायचा फक्त इंदूबाईच्या टेबलावरच्या जुन्या डबड्याचं. चालू केलं की ते आधी घरघरायचं, मग बऱ्याच वेळानं त्याच्या काचेवर निळं आभाळ आणि हिरव्या गवताची टेकडी उगवायची. काट्याचं वजन यायचं बाकी तिघांच्या मशिनींवर, आणि त्यांचे कागद त्याच्याच मार्फत प्रिंटरकडे जायचे. त्यातून एक रीत पडली होती. कागद पाठवणारा आपल्या जागेवरून ओरडायचा, "सोडलं!" इंदूबाई बसल्या जागी कागद सरळ करून, प्रिंटरच्या पाठीवर एक थाप देऊन ओरडायची, "आलं!" आणि कागद निघायचा. दिवसभर हेच. नवख्या माणसाला वाटायचं, इथं कबुतरं उडवून राह्यले की काय.

हे टेबल तिला कोणी ताटात वाढून दिलं नव्हतं. तिचा नवरा उकंडा या केंद्राचा चौकीदार होता. शेडचा पत्रा बसवताना वरून पडून गेला. त्याच्या जागी हिला घेतलं, तेही झाडू मारायला आणि पाणी भरायला. झाडू मारता मारता ती बोटं पाहायची, कोण कुठं दाबते ते. मग संध्याकाळी तालुक्याला क्लास लावला, पोरीच्या वयाच्या पोरींसोबत बसली, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. पिंटू नावाचा नवा चपराशी आला तेव्हा कॅन त्याच्या हाती गेली आणि ही खुर्चीवर बसली. यवतमाळचा मेकॅनिक सगळ्या मशिनी एकमेकींना जोडायला आला तेव्हा त्यानं जुन्या डबड्याकडे बोट दाखवून विचारलं, याला नाव काय देऊ? इथं कोण बसते? लोक म्हणाले, इंदू. त्यानं इंग्रजीत 'इंदू' टाकलं. जाताना बजावून गेला, आता हे नाव बदलू नका, नाही तर बाकीच्या मशिनी हिला गावभर शोधत फिरतील.

हे बजावणं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं. ध्यानात ठेवलं एकटीनं. नाव तिचं होतं ना.

आता नंदकिशोर बाबू. ऑफिसचे मोठे बाबू. आजा तहसिलीत कारकून, बाप कोर्टात कारकून, हे इथं. दरसाल खंडे नवमीला मशिनींची पूजा त्यांच्याच हातची. यंदाही त्यांनी काट्याची केली, कॉम्प्युटरची केली आणि प्रिंटरपाशी आले. इंदूबाई दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या लोकांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जायची होती, तिचं दरसालचं असते. ती निघायच्या गडबडीत होती, तरी बोलली.

"बाबू, त्याचं झाकन लावू द्या. अक्षता आत जातीन."

"आता तू पूजा शिकवशीन का मले?" बाबू म्हणाले, आणि मूठभर कुंकवातले तांदूळ, त्यावर झेंडू, त्यावर नारळाचं पाणी, सारं त्या उघड्या तोंडात गेलं. देवाच्या तोंडात गेल्यासारखं.

ती पांढरं लुगडं नेसून नागपूरला गेली आणि परत आली, तोवर प्रिंटर बंद आणि निकाल लागलेला. बाबूंनी नव्या मॅडमना सांगितलं होतं की बाई चालू ठेवून निघून गेली, पूजेचा तिला रागच येतो, जाता जाता काहीतरी करून गेली असेल. गौरी मॅडम केंद्राच्या प्रमुख म्हणून अमरावतीहून नुकत्याच बदलून आलेल्या. पिंटू गावी निघून गेलेला, पाणी भरायला माणूस नव्हताच. इंदूबाईला मेमो मिळाला आणि कॅन मिळाली. खुर्चीवर बाबूंचा भाचा क्षितिज बसला, कंत्राटावर.

मेकॅनिक येऊन प्रिंटर उघडून, साफ करून, चालू करून गेला. दुसऱ्या सकाळी केरटोपली रिकामी करताना इंदूबाईच्या हाताला लागले ते तांदूळ. फुगलेले, शाईनं काळे, कुंकवानं लाल, आणि त्यांना चिकटलेली झेंडूची एक पाकळी. तिनं ते वाळवले आणि प्लास्टिकच्या पन्नीत बांधून कमरेच्या पिशवीत ठेवले.

त्याच दिवशी नेऊन दाखवता आले असते. पण तिनं विचार केला. मॅडम म्हणणार, बरं, झालं गेलं. बाबू म्हणणार, चुकून झालं असेल. आणि सगळे मिळून हसून चहा पिणार. इंदूबाईला झालं-गेलं नको होतं. तिला खुर्ची पाहिजे होती, आणि खुर्चीसोबत बाबू पाहिजे होता, मान खाली घातलेला.

कारण दुसरी एक गोष्ट होती, आणि ती खुर्चीहून खोल रुतली होती. पिंटू पाणी भरायचा तेव्हा बाबू आल्याआल्या दोन गिलास उभ्यानं रिचवायचे. इंदूबाईच्या हाती कॅन आली आणि बाबूंच्या टेबलावर घरून स्टीलची बाटली आली. कोणी काही विचारलं नाही, बाबू काही बोलले नाहीत. ती रोज गिलास भरून त्यांच्या टेबलावर ठेवायची. संध्याकाळी तो तसाच भरलेला उचलायची आणि बाहेरच्या कडुनिंबाला ओतायची. ठेवणं मात्र तिनं एक दिवस चुकवलं नाही. सकाळी ठेवायची ती डोळ्यात डोळा घालून, संध्याकाळी उचलायची तीही तशीच.

आणि काल संध्याकाळी बाबूनं स्वतःच्या हातानं खड्डा खणला. इंदूबाई फरशी पुसत होती. बाबू भाच्याच्या मागे उभे राहून काचेकडे पाहत होते.

"हे काय लावलं रे? जिथं पाह्य तिथं इंदू, इंदू. ती गेली ना उठून? पुसून टाक तिचं नाव. तुझं टाक."

क्षितिजनं पुसलं. आपलं टाकलं. इंदूबाईनं फडकं बादलीत बुडवलं आणि पिळलं. पिळतच राहिली, त्यात थेंब उरला नव्हता तरी.

म्हणून आज हे असं होतं. क्षितिजनं मशीन तीनदा बंद-चालू केली. तार काढली, तिच्यावर फुंकली, परत घातली. बाकीच्या मशिनी इंदूला शोधत होत्या आणि इंदू कॅन घेऊन फिरत होती. बाहेर रस्त्याच्या वळणापर्यंत ट्रॅक्टर लागले होते. खिडकीच्या गजाला तांड्यावरचा खेमसिंग लटकलेला.

"ओ बाबू! बैल असते तं म्हनलो असतो चरून राह्यले. ट्रॅक्टर काय चरन माह्या?"

"मशीन बिघडली, थांबा जरा."

"मशीन बिघडली का मानूस बिघडला? मागल्या साली ती बाई धडाधड फाडे पावत्या. कुठी गेली ती बाई?"

"अठीच हाव, भाऊ," इंदूबाई म्हणाली. "पानी पेता का?"

मॅडम आपल्या खोलीतून बाहेर आल्या. मेकॅनिकला फोन केला तर तो वणीला, उद्यापर्यंत येत नाही. त्यांनी बाबूंकडे पाहिलं, बाबूंनी भाच्याकडे, भाच्यानं इंदूबाईकडे.

"इंदूबाई, तुम्ही बघता का जरा?"

"मी कशी पाहू, मॅडम? माह्या हातानं मोडते ना मशीन. तुमीच मेमो देला." तिनं पन्नी काढली आणि मॅडमच्या पुढ्यात टेबलावर ओतली. "हे पाहा. मोडली कशानं ते."

मॅडमनी पेनाच्या टोकानं तांदूळ सारले. पाकळी वेगळी केली.

"कोण म्हणते हे प्रिंटरमधले आहेत?" बाबू म्हणाले. "घरून आणले असतील बाईनं."

"नाई ना मामा," क्षितिज पटकन बोलून गेला. "मेकॅनिकनं काढले तवा म्याच तं टॉर्च धरला होता. तुमीच म्हनले, टोपलीत टाक आन कोनाले..."

मग त्याला कळलं आपण काय बोललो. तो तारेकडे पाहायला लागला. खिडकीत खेमसिंग खो खो हसला, त्याच्या मागच्यानं काय झालं म्हणून विचारलं, खेमसिंगनं त्याला सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला. हसू लाईनीनं पार वळणापर्यंत गेलं.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मेमो आजच परत घेते. बसा तुमच्या जागेवर, इंदूबाई. क्षितिज, उठ."

क्षितिज उठला. खुर्ची रिकामी झाली. याच क्षणासाठी बाई इतके दिवस दात आवळून होती. पण ती बसली नाही. ती कॅनपाशी गेली, गिलास धुतला, काठोकाठ भरला आणि बाबूंच्या टेबलावर ठेवला. बाटलीच्या बाजूला.

"घ्या बाबू."

"मला तहान नाही."

"तहान कोन विचारून राह्यलं?"

"इंदूबाई, लोक खोळंबले. हे काय नाटक?"

"तुमीच खोळंबवले. माह्यं नाव तुमीच पुसाले लावलं काल. माह्या नावाबिगर ते मशीन काम करत नाई, आन मी, तुमी हा गिलास पेल्याबिगर करत नाई. पिंटूच्या हातचे दोन पेत होते ना? माह्या हातचा एकच प्या."

मॅडमनी त्या भरल्या गिलासाकडे पाहिलं, मग घरच्या बाटलीकडे. त्यांना बाबूंना सोडवता आलं असतं. नाही सोडवलं.

"पी लो बाबू, पी लो!" खेमसिंग गज हलवत ओरडला. "जहर नाई ते, नळाचंच पानी हाय!"

बाबूंनी गिलास उचलला. काठोकाठचं पाणी हिंदकळून मनगटावरून बाहीत गेलं. अर्धा प्याले आणि खाली ठेवला.

"पुरा," इंदूबाई म्हणाली.

बाबू पुरा प्याले. घोट उतरताना गळ्याची घाटी वर-खाली झाली, ती तिनं नीट पाहून घेतली. वाटलं होतं पोट भरेल. भरलं नाही. अर्धंच भरलं.

"उद्याले बी मीच भरीन बाबू, खुर्चीवर बसली तरी. आन ते बाटली घरीच ठेवा. उगी कायले वझं."

मग ती खुर्चीवर जाऊन बसली. गादीनं तिला आपल्या खड्ड्यात घेतलं.

"ये बे क्षितिज, अठी उभा राह्य. तुह्या हातानं पुसलं, तुह्याच हातानं लिही. आय, एन, डी, यू. मोठ्या अक्षरात."

पोट्ट्यानं वाकून लिहिलं. मशीन बंद झाली, घरघरली, खोकलली, आणि बऱ्याच वेळानं तिच्या काचेवर गवताची टेकडी उगवली. बाबू आपल्या टेबलावर मान खाली घालून बसले होते. ओली बाही टेबलाला चिकटली होती. खेमसिंगच्या ट्रॅक्टरचं वजन त्यांच्याच मशीनवर आलेलं होतं. पावती त्यांनाच पाठवायची होती. त्यांनी बटण दाबलं, पण ओरडले नाहीत.

इंदूबाईनं प्रिंटरमध्ये कागद सरळ केला. हात पाठीवर ठेवला आणि थांबली. बाहेर ट्रॅक्टर धडधडत होते. ती थांबूनच राहिली.

"सोडलं," बाबू हळूच म्हणाले.

"आयकू नाई आलं."

"सोडलं!"

"आलं," इंदूबाई म्हणाली आणि थाप दिली. "बोला, फुडची गाडी कोनाची?"