‘काही घेता का?’ या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर

“तुमच्या लिव्हरला जबर सूज आहे,” म्हणत डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट माझ्यासमोर धरला. एएलटी हजाराच्या पार. एएलटी हे यकृताच्या पेशींमधलं एक विकर. पेशी फुटायला लागल्या की ते रक्तात सांडतं. निरोगी माणसात ते साधारण चाळीसच्या आसपास राहतं. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. उभी नोकरी मी हाच आकडा उंदरांच्या रक्तात मोजत आलो.

“काही घेता का?” त्यांनी विचारलं.

आपल्याकडं हा प्रश्न एकाच अर्थानं कानावर पडतो. मी ताठ बसलो. “मॅडम, मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्या ‘बरं’चा मला इतका राग आला की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

माझं काम थोडक्यात सांगतो. जीन थेरपी म्हणजे जनुकं वापरून केलेले उपचार. एखाद्या विषाणूची आजारी पाडायची खोड मोडायची, त्याच्यात चांगलं जनुक भरायचं आणि शिरेतून शरीरात सोडायचा. हे पार्सल बहुतेक वेळा यकृतातच उतरतं. त्यानं यकृत बिघडतं का, किती डोसला बिघडतं, हे बघणारा माणूस म्हणजे मी. टॉक्सिकॉलॉजी, विषशास्त्र. एवढा शहाणा माणूस आजारी कसा पडला ते वाचा.

डोळे पिवळे दिसतायत, असं माझी बायको शैला आठवडाभर सांगत होती. मी बाथरूमच्या बल्बवर खापर फोडलं आणि बल्ब बदलला. नव्या बल्बखाली मी जास्तच पिवळा दिसलो. मग अंगाला खाज सुटली, जेवण नकोसं झालं आणि आम्ही इथल्याच, संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात भरती झालो.

तिथं प्रत्येकानं तोच प्रश्न विचारला. सिस्टर, सोनोग्राफीवाला, शिकाऊ डॉक्टर. सगळे आवाज एक पट्टी खाली आणून. मी प्रत्येकावर उखडलो. वैजापूरहून चुलतभाऊ प्रल्हाद भेटायला आला आणि कॉटवर टेकून म्हणाला, “भाऊ, इतकं लपवून? आम्हाला एकदा तरी बोलवायचं.”

“अरे, मी घेत नाही.”

“व्हय व्हय. आमच्या गावचा सरपंचबी घेत नाय.”

शैला तोंडाला पदर लावून हसली. मी भिंतीकडं वळून झोपलो.

काविळीच्या विषाणूंचे सगळे रिपोर्ट कोरे आले. सोनोग्राफी स्वच्छ. तरी आकडे चढतच होते. मग आयएनआर वाढला. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते हा आकडा सांगतो. यकृत थकलं की तो वाढतो. मॅडम शैलाला आणि माझ्या मुलीला, मुक्ताला, दाराबाहेर घेऊन गेल्या. दार नीट लागत नव्हतं.

“असंच चाललं तर ट्रान्सप्लांटचा विचार करावा लागेल. पुण्याला हलवू. घरात रक्तगट कुणाचा जुळतो?”

“माझा जुळतो,” मुक्ता म्हणाली. स्कूटरची चावी माझ्याकडं आहे असं सांगितल्यासारखं.

ती आत आल्यावर मी तिला बरंच बोललो. माझ्या पोरीच्या यकृताचा तुकडा कापायचा आणि तोही कशामुळं, ते कुणालाच माहीत नाही. तिनं पांघरूण सारखं केलं. “बाबा, झोपा.”

दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडम म्हणाल्या, “सगळी औषधं बंद आहेत, तरी आकडा वाढतोय.”

माझ्यातला संशोधक जागा झाला. “आमच्या लॅबमध्ये औषध न दिलेल्या उंदराचं एएलटी वाढलं, तर आम्ही आधी त्याच्या पाण्यात काय आहे ते बघतो.” असं म्हणत मी थर्मासमधून कपात ओतत होतो.

मॅडमनी कपाकडं बोट केलं. “हे काय आहे?”

“काढा हाय, गुळवेलीचा,” शैला म्हणाली. “दिवाळीपासून रोज दोन टाइम घेतात. इथंबी मीच आणून देते. लई चांगला असतो म्हणं.”

“सर,” मॅडम म्हणाल्या, “मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. काही घेता का.”

“मला वाटलं दारूचं विचारताय.”

“दारूचंही विचारत होते.”

मी कप खाली ठेवला. पुढं बायोप्सी झाली, म्हणजे सुईनं यकृताचा बारीकसा तुकडा काढून तपासला. निदान झालं ड्रग इंड्यूस्ड लिव्हर इंज्युरी, पोटात घेतलेल्या पदार्थानं यकृताला झालेली इजा. गुळवेल सगळ्यांनाच बाधते असं नाही. काहींच्या शरीरात मात्र ती आपल्याच संरक्षण यंत्रणेला यकृतावर सोडते. स्टेरॉइड सुरू झालं, काढा बंद झाला, आकडे उतरू लागले. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मुक्ताकडून मी काढ्याच्या भुकटीचा डबा मागवून घेतला. ‘शंभर टक्के नैसर्गिक. कोणतेही दुष्परिणाम नाहीत. आवश्यकतेनुसार घ्यावे.’ आवश्यकतेनुसार म्हणे. कण्हेर नैसर्गिक आहे, धोतराही नैसर्गिक आहे. आमचं पार्सल माणसाच्या शिरेपर्यंत जायच्या आधी किती जनावरं, किती समित्या, किती वर्षं जातात, आणि जायलाच हवीत. हा डबा मात्र आमच्या छावणी भागातल्या किराणा दुकानात साबणाशेजारी उभा होता. दुष्परिणाम नाहीत हे कुणी तपासलं, कशावर तपासलं? माझ्यावर. आणि त्याची किंमत मुक्तानं मोजायची वेळ आली होती. तो राग अजून उतरलेला नाही, उतरावा अशी इच्छाही नाही. त्यातला मोठा वाटा माझा, कारण तो डबा मीच हौसेनं उचलला होता.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, डॉक्टरनं ‘काही घेता का’ विचारलं तर अब्रू सांभाळत बसू नका. काढा, भुकटी, शेजारणीनं दिलेली पुडी, सगळं पिशवीत घालून टेबलावर मांडा.

परवा सुट्टीला मुक्ता घरी होती. ओट्याशी उभी राहून तिनं विचारलं, “बाबा, काही घेता का?”

“काय आहे?”

“चहा.”

“त्यात काय काय आहे?”

“पत्ती, साखर, दूध, आलं. आता गप घ्या.”

तिनं कप पुढं केला. या पोरीच्या पोटावर एकही टाका नाही, या विचारात मी तो गप घेतला.